लेबलशिवाय सहा गाणी विकायची आहेत, कुठून सुरुवात करू?

जवारी यांचा प्रश्न

सहा गाणी तयार आहेत. मिक्स झालं, मास्टर झालं, डब्ल्यूएव्ही फायली माझ्या हार्ड डिस्कवर आहेत आणि एक प्रत भावाच्या लॅपटॉपवर. आता पुढं काय करायचं ते कळत नाही, म्हणून इथं विचारते.

मी मिरजेची. शाळेत संगीत शिकवते, संध्याकाळी घरी गाण्याच्या शिकवण्या. सहापैकी तीन गाण्यांचे शब्द सांगलीतल्या एका ज्येष्ठ कवींचे. वय ऐंशीच्या घरात, वडिलांचे मित्र. "घे गं, गा" एवढाच आमचा करार. चौथ्याचे शब्द माझेच. पाचवा तुकोबांचा अभंग. या पाचही गाण्यांच्या चाली माझ्या. सहावं एक जुनं भावगीत आहे, साठच्या दशकातलं, ते नव्या वाद्यमेळात केलंय. रेकॉर्डिंग कोल्हापूरला झालं. तबला, बासरी, सतार सगळं प्रत्यक्ष वाजवलेलं. (मिरजेत राहून सतारीचा सॅम्पल वापरला असता तर गल्लीत तोंड दाखवायची सोय राहिली नसती. २०२४ मध्ये इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाल्यापासून गल्ली जरा जास्तच ताठ मानेनं चालते.) सगळा खर्च शिकवणीच्या पैशातून केलाय. निदान थोडा तरी परत यावा, एवढीच इच्छा आहे.

एका म्युझिक कंपनीचा, म्हणजे लेबलचा, फोन आला होता. त्यांच्या यूट्यूब चॅनेलला लाखांनी सबस्क्रायबर आहेत. ते पैसे देणार नाहीत. व्हिडिओ करायचा तर तो खर्चही माझा. वर करारात लिहिलंय की शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे सर्व हक्क "संपूर्ण विश्वात, कायमस्वरूपी, आज अस्तित्वात असलेल्या व भविष्यात येणाऱ्या सर्व माध्यमांसाठी" कंपनीकडे. फोनवरचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, नाव होईल ना तुमचं!"

सही केलेली नाही. स्वतःच ऑनलाइन विकावं असं मनात आहे. पण मिस्टर म्हणतात, फुकट ऐकायला मिळतंय तर पैसे देऊन गाणी घेतंय कोण? त्यांना द्यायला माझ्याकडं उत्तर नाही. ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी सांगावं. शब्द अवघड वापरू नका, मला आयएसआरसी म्हणजे काय तेसुद्धा मागच्या आठवड्यात कळलं.

रिकामा_रियाज

यात एवढं काय आहे? कुठल्याही डिस्ट्रिब्युटरकडे (आपली गाणी सगळ्या अ‍ॅपवर पोचवणारा वितरक) खातं उघडा, गाणी चढवा, आठवड्याभरात स्पॉटिफाय, अ‍ॅपल, जिओसावन सगळीकडे दिसतात. आयएसआरसी म्हणजे प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक, तो तेच देतात. मी मोबाइलवरून करतो. रील्सला लावा, व्हायरल झालं तर झालं.

कलम_अठरा

रियाजसाहेब, चढवणं सोपं आहे हे खरं. पण काय चढवतोय ते आपलं आहे का, हे आधी बघावं लागतं. व्यवसायाने वकील आहे. खालचं सगळं सर्वसाधारण माहिती म्हणून वाचा, सही करण्याआधी कागद प्रत्यक्ष कोणाला तरी दाखवा.

जवारीताई, तुमच्याकडे तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि कंपनी त्या एका ओळीत मागते आहे. शब्दांचा हक्क कवीचा. चालीचा तुमचा. आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क निर्मात्याचा. कायद्यानुसार निर्माता म्हणजे ध्वनिमुद्रण करून घेण्यात ज्याने पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो. म्हणजे तुम्ही. स्टुडिओवाला नव्हे, त्याचं बिल चुकतं झालं की विषय संपला. फक्त ती बिलं तुमच्या नावावर आहेत ना, तेवढं तपासा आणि जपून ठेवा.

आता करार. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. राज्यसभेत जावेद अख्तर त्यासाठी भांडले होते, ते अनेकांना आठवत असेल. तेव्हापासून कलम १८ प्रमाणे गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीतला आपला समान वाटा सोडून देता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. "मी रॉयल्टी मागणार नाही" असं कंपनीने लिहून घेतलं तरी तेवढा भाग रद्दबातल ठरतो. त्याच दुरुस्तीने असंही सांगितलं की करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं, त्याचा स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय ते हस्तांतरात येत नाही. "भविष्यात येणाऱ्या सर्व माध्यमांसाठी" हे शब्द त्यासाठीच घुसवलेले असतात. असं मोघम लिहिलेलं पुरेसं आहे का, यावर वाद घालता येतो. पण वाद घालायला कोर्टात जावं लागतं, आणि तुम्ही शाळेत शिकवता.

कलम १९ आणखी एक सोय देतं. मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं धरायची, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. तुमच्या कागदावर "कायमस्वरूपी" आणि "संपूर्ण विश्वात" दोन्ही लिहिलंय, त्यामुळे ही सोय तुम्हाला मिळणार नाही. ज्याने मसुदा केला त्याने कायदा नीट वाचलेला आहे.

कवींकडून परवानगी लेखी घ्या, आणि याच आठवड्यात. "घे गं, गा" हा फार गोड करार आहे, पण उद्या प्रश्न आला तर उत्तर त्यांच्या वारसांना द्यावं लागेल आणि ते तुमच्या वडिलांचे मित्र नसतील. एका पानावर तिन्ही कवितांच्या पहिल्या ओळी, कशासाठी परवानगी (ध्वनिमुद्रण, ऑनलाइन वितरण, विक्री, छापील शब्द), मिळकतीत वाटा किती, दोघांच्या सह्या, तारीख. वाटा नक्की लिहा. ते नको म्हणतील, तरी लिहा. तबला, बासरी, सतार वाजवणाऱ्यांकडूनही मानधन मिळाल्याची आणि वितरणाला हरकत नसल्याची चिठ्ठी घ्या. वादकाचा सादरीकरणाचा हक्क कायद्यात वेगळा आहे आणि तो ५० वर्षं चालतो.

अभंगाचे शब्द सगळ्यांचे आहेत, चाल तुमची म्हणता, उत्तम. हे मुद्दाम लिहितोय कारण "पारंपरिक" म्हणून गायल्या जाणाऱ्या कित्येक चाली पारंपरिक नाहीत. शब्द तुकोबांचे, पण चाल श्रीनिवास खळ्यांची असं असेल तर? संगीतावरचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. खळे २०११ मध्ये गेले. म्हणजे त्यांच्या चाली २०७१ संपेपर्यंत संरक्षित आहेत, मग तो हक्क आज कोणाच्याही हातात असो.

सहावं गाणं अडचणीचं आहे. जुन्या गाण्याची नवी आवृत्ती करायला कलम ३१-सी आहे. मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षं उलटली की आगाऊ सूचना आणि आगाऊ रॉयल्टी देऊन ती काढता येते. पण रॉयल्टी दरवर्षी किमान ५०,००० प्रतींची. हे कॅसेट-सीडीचा बाजार डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेलं आहे, तुमच्यासारखीला झेपणारं नाही. काही परदेशी वितरक थोडे डॉलर घेऊन कव्हर गाण्याचा परवाना काढून देतात, पण तो अमेरिकेच्या कायद्यापुरता. मूळ कंपनीकडे थेट लेखी परवानगी मागा, नाहीतर पाचच गाणी काढा. मी तुमच्या जागी असतो तर पाचच काढली असती.

आणि आयपीआरएसचं सदस्यत्व घ्या. ही १९६९ पासूनची गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांची संस्था. डिस्ट्रिब्युटर जे पैसे पाठवतो ते ध्वनिमुद्रणाचे. संगीतकार म्हणून तुमचे आणि गीतकार म्हणून कवींचे पैसे वेगळ्या वाटेने या संस्थेकडे जमतात, आणि सदस्य नसाल तर तिथेच राहतात. कवींनाही सदस्य करा.

पेटीवाला_बापू

वकीलसाहेब, कागद एकदम पक्का केलात. मी बाजाराचं बोलतो. मी कराडला पेटी शिकवतो, अभंगांना चाली लावतो, आणि त्या चाली कॅसेट होती तेव्हापासून विकत आलोय. लेबल कधी मिळालं नाही आणि आता मागतही नाही.

ताई, तुमच्या मिस्टरांचं म्हणणं निम्मं खरं आहे. नुसतं ऐकायला म्हणून गाणं विकत घेणारा माणूस आपल्याकडं जवळजवळ संपला. फ्लिपकार्टनं २०१२ मध्ये गाणी विकायचं ऑनलाइन दुकान काढलेलं, फ्लाइट नावाचं. २०१३ च्या जूनमध्ये शटर खाली. अमेरिकेत सीडी बेबी १९९८ पासून स्वतंत्र कलाकारांच्या सीड्या विकत होतं, त्यांनीही २०२० मध्ये आपलं दुकान बंद करून फक्त वितरण ठेवलं. एवढ्या मोठ्यांना जमलं नाही तिथं आपण पन्नास रुपयाला एमपीथ्री विकायला बसू नये.

मग स्ट्रीमिंग. तिथं गाणी टाकायचीच, पण कमाईची जागा म्हणून नव्हे. पाटी म्हणून. लोक नाव शोधतात तेव्हा गाणं सापडलं पाहिजे, एवढंच. दर ऐकण्यामागं ठरलेला पैसा असतो असा समज आहे, तसं नसतं. महिन्याला जेवढी जमा होते त्यातला मोठा हिस्सा हक्कदारांसाठी बाजूला काढतात आणि एकूण ऐकण्यात तुमचं प्रमाण किती त्यावर वाटतात. आपल्या देशात वर्गणी स्वस्त, त्यातून बहुतेक जनता जाहिराती ऐकत फुकट ऐकणारी, म्हणजे वाटायलाच कमी. शिवाय स्पॉटिफायनं २०२४ पासून नियम केलाय की मागच्या बारा महिन्यांत एखादं गाणं हजार वेळा वाजलं नाही तर त्या गाण्याचे ध्वनिमुद्रणाचे पैसे नाहीत. हजार प्रत्येक गाण्याला. एक गाणं चाललं आणि चार पडली, तर चारांचा हिशेब शून्य. माझ्या सगळ्या अभंगांचं वर्षाचं स्ट्रीमिंग धरलं तर पेटीचा भाता दुरुस्त होतो, नवी पेटी येत नाही.

वितरक कुठला, हे तुम्ही विचाराल. माझं मत असं की ज्याची पाच-सहाच गाणी आहेत आणि जो दर महिन्याला नवं गाणं काढणार नाही, त्यानं वार्षिक वर्गणीवाल्याकडं जाऊ नये. डिस्ट्रोकिड तसलं आहे. भराभर गाणी काढणाऱ्या पोरांना ते परवडतं. पण वर्गणी थांबली की गाणी उतरतात, किंवा ती ठेवायला वेगळे पैसे भरावे लागतात. सीडी बेबी एकदाच फी घेतं आणि मिळकतीतले ९ टक्के कापतं. राउटनोटला फुकटही टाकता येतं, ते १५ टक्के ठेवतात. दर बदलत असतात, त्या दिवशीचा बघून घ्या. शाळेच्या पगारावर चालणाऱ्या माणसानं "एकदा भरलं, विसरलं" असला मार्ग धरावा.

चढवताना लोक ज्याला कंटाळतात तेच नीट करा. मुखपृष्ठ ३००० बाय ३००० पिक्सेल, त्यावर फोन नंबर, यूट्यूबचा लोगो, "संपर्क" असलं काही नको, परत पाठवतात. नावाचं रोमन स्पेलिंग एकदा ठरवा आणि मरेपर्यंत बदलू नका. माझ्या नावाचे राज्यात इतके पेटीवाले निघाले की एका भलत्याच माणसाच्या पानावर माझा अभंग आणि माझ्या पानावर त्याचं लग्नाचं गाणं. भाषेच्या रकान्यात मराठीच निवडा. घाईत हिंदी राहून जातं आणि मग मराठीच्या यादीत आपण नसतो. गीतकार म्हणून कवींचं पूर्ण नाव घाला, अभंगाला "संत तुकाराम". तारीख तीन-चार आठवडे पुढची टाका. स्पॉटिफायच्या कलाकारांच्या खात्यातून त्यांच्या संपादकांकडं गाणं सुचवता येतं, पण ते प्रसिद्धीच्या निदान सात दिवस आधी. अभंग आषाढीला यावा असं वाटत असेल तर ज्येष्ठातच चढवा. एकादशीला चढवलेला अभंग द्वादशीला कोण ऐकतो? विसंबायचं मात्र कुठल्याच अ‍ॅपवर नाही. रेसो आणि विंक दोन्ही २०२४ मध्ये गेले, आणि त्यांच्यावरच्या आपल्या याद्याही.

आता पैसे कुठून येतात ते. गाणं ऐकणारा पैसे देत नाही, पण गाणारा देतो. आपल्याकडं गाणारे किती आहेत ते बघा की. महिला भजनी मंडळं, भिशीच्या गाण्याच्या फेऱ्या, शाळांची संमेलनं, गणपतीतल्या स्पर्धा, निवृत्त झाल्यावर ब्लूटूथ स्पीकर आणि माइक घेतलेले काका. या सगळ्यांना काय लागतं? ट्रॅक. आवाज काढलेलं तेच गाणं. जुन्या प्रसिद्ध गाण्यांचे ट्रॅक हजारो मिळतात. पण पुढच्या गल्लीतल्या मंडळानं ऐकलेलं नाही असं नवं, चांगल्या शब्दांचं गाणं, आणि त्याचा प्रत्यक्ष तबला-बासरीवर वाजवलेला ट्रॅक, हे कुठं मिळत नाही. मसूरच्या एका भजनी मंडळानं माझा एक ट्रॅक नेला, तालुक्याच्या स्पर्धेत गायला, आणि पुढचे सहा महिने त्याच गाण्याला फोन येत होते. यूट्यूबवर ते गाणं चारशेच्या पुढं गेलेलं नव्हतं.

म्हणून ताई, दुसरं काही करण्याआधी कोल्हापूरच्या रेकॉर्डिस्टला फोन करा. प्रत्येक गाण्याचं बिनआवाजाचं मिक्स मागा आणि प्रत्येक वाद्याची वेगळी फाइल मागा. स्टुडिओवाले जागा भरली की जुनी सेशनं (रेकॉर्डिंगच्या मूळ फायली) उडवतात. उडाली की तुमच्याकडं फक्त गाणं राहिलं, ट्रॅक गेला.

ट्रॅक एकाच पट्टीत, म्हणजे पेटीच्या एकाच सुराला सा धरून, ठेवू नका. तुम्ही काळी पाचमध्ये गायला असाल तर तो बायकांना चालेल, पुरुष काळी एक नाहीतर काळी दोन मागतो. कॉम्प्युटरवर पट्टी एखाद-दुसरा सूर इकडं-तिकडं सरकते. फार ओढली की बासरी शिट्टीसारखी वाजते आणि तबल्याची चाट मरते. पुरुषी पट्टीसाठी बासरीवाल्याला पुन्हा बोलवावं लागेल, ते पैसे वसूल होतात.

आणि सोबत स्वरलेखन. पेटी शिकणारा विद्यार्थी नोटेशनला पैसे देतो हे मी रोज बघतोय. गाण्याचे शब्द, स्वरलिपी, ताल, कुठं ठेका बदलतो, एवढं दोन पानी पीडीएफमध्ये. प्रत्येक पानाखाली घेणाऱ्याचं नाव टाकायचं. त्यानं फॉरवर्ड व्हायचं थांबत नाही, पण पुढं पाठवणारा जरा लाजतो. मी ट्रॅकचे दीडशे घेतो, नोटेशनसकट अडीचशे. यूपीआयवर पैसे, व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक. दुकान वगैरे काही नाही.

एक धोका मात्र ध्यानात ठेवा. वितरक विचारतील, यूट्यूबचं कंटेंट आयडी (कुणाच्याही व्हिडिओतलं आपलं गाणं ओळखणारी यंत्रणा) चालू करू का? ऐकायला छान वाटतं, कोणी आपलं गाणं वापरलं की पैसे आपल्याला. पण तुमचाच ट्रॅक विकत घेऊन एखाद्या ताईनं आपला व्हिडिओ टाकला की तिलाच कॉपीराइटची नोटीस जाणार. पैसे देऊन नोटीस आली म्हटल्यावर ती गावभर सांगत सुटते. मी ते बंद ठेवलंय.

जवारी

बापूकाका, रेकॉर्डिस्टला लगेच फोन केला. सेशन आहेत अजून! पुढच्या रविवारी हार्ड डिस्क घेऊन जाते. वकीलसाहेब, सहावं गाणं बाजूला ठेवलं. वाईट वाटलं, पण तुमचं ५०,००० प्रतींचं वाचून मिस्टर इतके हसले की तो विषय तिथंच मिटला. कवीकाकांकडं कागद घेऊन गेले होते. वाटा नको म्हणून भांडले, मग "निम्मा लिही, पण देऊ नकोस" म्हणाले. निम्मा लिहिलाय, आणि देणार आहे.

अजून एक. माझी एक मैत्रीण परदेशी आहे, ती म्हणते बँडकॅम्पवर टाक. ते इथून जमतं का? आणि ट्रॅक तिकडं कोणी घेईल का?

एडिसनकर

न्यू जर्सीहून. मी गात नाही, पण आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाचे कार्यक्रम बसवण्याचं काम माझ्या गळ्यात असतं, तेव्हा गिऱ्हाईक म्हणून लिहितो.

ट्रॅक इथे नक्की घेतील. मुलांना दर वर्षी तीच आठ-दहा गाणी दिली जातात, कारण बाकीच्यांचे ट्रॅक मिळत नाहीत. पालक त्या गाण्यांना कंटाळलेत आणि मुलं तर त्याहून. मुलांना झेपेल असं एखादं गाणं असेल तर ते वेगळं काढून सांगा. मात्र शब्द रोमन लिपीतही द्या. आमच्या मुलांना मराठी समजतं, बरीचशी बोलतातही, पण देवनागरी वाचताना अडखळतात. शब्दांचा उच्चार कसा ते तुमच्या आवाजात सावकाश वाचून दाखवलेली एक फाइल सोबत दिलीत तर मी स्वतः दुप्पट पैसे देईन. दर दोन वर्षांनी बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन असतं, तिथे सगळीकडची मंडळं येतात, एकाने घेतलं की दुसऱ्याच्या कानावर जातंच.

बँडकॅम्पबद्दल. कलाकारांनी थेट गाणी विकायची ही २००८ पासूनची साइट, डिजिटल विक्रीवर १५ टक्के घेते, वर्षात ५,००० डॉलरची विक्री झाली की १० टक्के, शिवाय पैसे हस्तांतराचा खर्च वेगळा. किंमत तुम्ही ठरवायची, "याहून जास्तही देऊ शकता" असं ठेवता येतं, आणि लोक खरोखर जास्त देतात. मी देतो. पैसे पेपलमधून येतात, आणि तिथे तुमची अडचण आहे. १ एप्रिल २०२१ पासून पेपलने भारतातल्या भारतात पैसे पाठवणं बंद केलंय. म्हणजे मी एडिसनहून घेऊ शकेन, सांगलीचा माणूस तुमच्याकडून घेऊ शकणार नाही. त्यामुळे तिकडच्यांना बापूंचं यूपीआय आणि इकडच्यांना बँडकॅम्प असं सरळ दोन दारं ठेवा.

तिथे खरेदी करणाऱ्याचा ईमेल तुम्हाला मिळतो. ती यादी दर महिन्याला उतरवून ठेवा. ही कंपनी २०२२ मध्ये एपिक गेम्सने घेतली, २०२३ मध्ये साँगट्रेडरला विकली आणि त्या उलाढालीत निम्मे कर्मचारी गेले. साइट अजून चांगली चालते, पण बापू म्हणतात तसं विसंबू नये.

यूट्यूबवर पैसे सुरू झाले (हजार सबस्क्रायबर आणि वर्षात ४,००० तास बघणं, म्हणजे वेळ लागेल) तर अमेरिकेच्या कराचा फॉर्म भरायला विसरू नका. भरला तर भारताशी असलेल्या करारामुळे अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या कमाईवर १५ टक्के कापले जातात. नाही भरला तर जगभरच्या कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत कापू शकतात. परदेशी वितरकही असाच फॉर्म मागतात. पॅन जवळ घेऊन बसलात तर अर्ध्या तासाचं काम आहे.

रिकामा_रियाज

पट्टी बदलून ट्रॅक विकणं हे डोक्यातच आलं नव्हतं. बापू, लूप (तयार मिळणारे ठेक्याचे तुकडे) वापरून केलेले ट्रॅक चालतात का?

पेटीवाला_बापू

चालतात, पण तोच तबल्याचा लूप आणखी पाचशे जणांच्या गाण्यात असतो, आणि त्यातल्या एकानं जरी कंटेंट आयडी चालू केलेलं असलं तर तुमच्या गाण्यावर त्याचा दावा येतो. मग भांडत बसा. त्यापेक्षा तबलजीला हजार रुपये जास्त द्या, तो निदान चहाला तरी येतो.

एडिसनकर, उच्चाराच्या फायलीची कल्पना मी उचलली हो. माझ्याकडं अभंग शिकायला येणारी इंग्रजी शाळेतली पोरं "ळ"ला घाबरतात, त्यांनाही लागेल.

ताई, किंमत ठरवताना भिडेला पडू नका. ओळखीतले सगळे पहिल्यांदा फुकट मागणार. शाळेतल्या शिक्षिका, भिशीतल्या बायका, शेजारी. त्यांना गाणं ऐकायला यूट्यूबची लिंक द्या, ती फुकटच आहे. ट्रॅक मागितला की क्यूआर कोड पाठवायचा. एकदा एकीला फुकट दिलात की मिरजेत तुमच्या ट्रॅकची किंमत शून्य ठरली, मग ती वर येत नाही.

जवारी

हे मला अवघड जाणार आहे, पण क्यूआर कोड आजच छापून घेते. शेवटचा प्रश्न काका. स्वरलेखन भातखंडे लिपीत करू की पलुसकर? पलुसकर लिपी करणारे विष्णू दिगंबर मिरजेतच शिकले, इथंच गेले, संगीताच्या परीक्षा घेणारं गांधर्व मंडळही आमच्याच गावात. पलुसकर लिपी सोडली तर इथले जुने मास्तर मला जाब विचारतील.

पेटीवाला_बापू

मास्तर विकत घेणार आहेत का? भातखंडेच करा. येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांना तीच वाचता येते. मंद्र आणि तार सप्तकाची टिंबं ठळक छापा, फोनवर बघताना ती दिसत नाहीत आणि मग लोक "तुमचा नी चुकलाय" म्हणून फोन करतात. आणि अक्षर मोठं ठेवा. तुमचं निम्मं गिऱ्हाईक चष्मा शोधत पेटीवर बसणार आहे.